दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं का?

सेकंडहँड गाडी बघायला आपल्याकडे कुणी एकटं जात नाही. सोबत एक काका असतात, ते टायरला लाथ मारून बघतात. एक मित्र असतो, त्याचा मावसभाऊ गॅरेजात कामाला असतो म्हणून तो बोनेट उघडून नुसतं ‘हं’ म्हणतो. आणि एकाला खास भाव पाडायला नेलेलं असतं, गाडीकडं तो बघतसुद्धा नाही. गेल्या काही वर्षांत या वरातीत एक नवा पाहुणा आलाय. काडेपेटीएवढी निळी किंवा काळी डबी. डॅशबोर्डखाली खुपसायची, मोबाइलला जोडायची आणि गाडीच्या पोटातलं सगळं स्क्रीनवर बघायचं. निदान जाहिरातीत तरी असंच सांगतात.

डबीचं नाव ओबीडी अ‍ॅडॉप्टर. इंजिनाचा कारभार बघणारा जो छोटा संगणक गाडीत असतो, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, त्याच्याशी ती बोलते. दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. या डबीला आमचा विरोध नाही. उलट पतसंस्थेचं कर्ज काढून, प्रसंगी घरातलं सोनं गहाण ठेवून चार-पाच लाखांची जुनी गाडी घेणार असाल, तर खिशात ती असलेली बरीच. भीती वाटते ती घाईची. डबी लावली, ‘नो फॉल्ट’ दिसलं, टोकन दिलं! महिन्याभरात गाडी टोचन करून गॅरेजला न्यायची वेळ येते तेव्हा एजंट म्हणतो, “तुम्हीच तर मोबाइलवर चेक केली होती की.”

म्हणून दोन प्रश्न आधी विचारायचे. ही गाडी या डबीशी बोलते का? आणि बोललीच, तर नेमकं कशाबद्दल बोलते?

सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे झालं, असं बरेच जण धरून चालतात. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास हात घातला की ते लागतं. कधी फ्यूजबॉक्सच्या झाकणामागं लपलेलं असतं. पण सॉकेट म्हणजे नुसतं तोंड झालं, आतली भाषा कुठली ते वेगळंच. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ ही सामाईक भाषा सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. त्याआधीच्या कित्येक गाड्यांचं सॉकेट दिसायला हुबेहूब तसंच आहे, पण त्यांचा ईसीएम कंपनीच्या स्कॅनरशी कंपनीच्याच भाषेत बोलतो. अशा गाडीत डबीचा लाल दिवा लागतो, कारण सोळा नंबरच्या पिनेत थेट बॅटरीचा करंट असतो. मोबाइलही डबीला जोडला जातो. पुढं मात्र अ‍ॅप गोल गोल फिरत बसतं. मग डबीवाल्याला शिव्या. वास्तविक त्याचीही चूक नसते आणि गाडीचीही नसते.

सातारा-सांगलीच्या पोरांनी इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची. २०१० साली बीएस-४ साऱ्या देशात एकदम आलं नव्हतं. आधी दिल्ली, मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक १३ शहरांत आलं, मग हळूहळू आणखी शहरं वाढली, आणि देशभर लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे २०१२ सालची एमएच-१२ पासिंगची पुण्याची गाडी बीएस-४, तर त्याच वर्षीची, त्याच मॉडेलची एमएच-११ नाहीतर एमएच-१० पासिंगची गाडी बीएस-३ असू शकते. दोन्हींचा रंग तोच, सीटकव्हरसुद्धा तेच. त्यामुळं ‘माझ्या पुण्याच्या मित्राच्या सेम गाडीला चालतंय’ हा काही पुरावा झाला नाही. आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून एमिशन नॉर्म्सचा रकाना बघा. तो रकाना गाडीच्या वर्षापेक्षा जास्त सांगतो. त्याच अ‍ॅपवर गाडीवर कर्जाचा बोजा आहे का तेही दिसतं, ते तर बघाच बघा.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ पेट्रोल किंवा डिझेल कार असेल तर बोलण्याचा प्रश्न बहुतेक मिटलेला असतो. इलेक्ट्रिक कारचं वेगळं आहे. तिला धूरच नाही, त्यामुळं नेहमीच्या अ‍ॅपला तिच्याकडून फारसं काही मिळत नाही, बॅटरीची माहिती काढायला त्या मॉडेलची खास सेटिंग लागते. बीएस-६ बाइकला ओबीडी आलाय खरा, पण तिथलं सॉकेट बऱ्याचदा सहा पिनांचं असतं. जोडायला मधली केबल लागते, आणि ती केबल घेऊनही आकडे किती मिळतील ते मॉडेलवर ठरतं.

पैसे घालवण्याआधी फुकटात होणारी एक तपासणी आहे. टॉर्च घ्या आणि सॉकेटमध्ये बघा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा जागा असतात. सगळ्या जागी धातू नसतोच. ६ आणि १४ मध्ये पट्टी दिसली तर गाडी बहुधा ‘कॅन’वर बोलते, ही आजची भाषा. त्या दोन्ही रिकाम्या आणि फक्त ७ मध्ये पट्टी असेल तर जुनी के-लाइन. के-लाइनवर स्वस्तातल्या डब्या हमखास अडखळतात.

आता डबीचं बघू. तिच्यात असते ती ईएलएम ३२७ नावाची चिप. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ही कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात जे काही मिळतं त्यातलं बहुतेक नकलाच. नक्कल म्हणजे टाकाऊच असं काही नाही, कितीतरी जणांचं त्यावर नीट भागतं. फक्त ‘व्हर्जन २.१’ लिहिलंय म्हणजे १.५ पेक्षा भारी, हा हिशेब इथं चालत नाही. २.१ चा शिक्का मारलेल्या बऱ्याच नकलांमध्ये मूळ चिपच्या काही कमांड गायब असतात. आयफोनवाल्यांनी तर जास्तच जपून. साधी ब्लूटूथची डबी आयफोनला चालत नाही, ब्लूटूथ ४.० म्हणजे बीएलई लिहिलेली किंवा वायफायवाली बघायची. वायफायची डबी जोडली की फोनला वाटतं नेट गेलं, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. म्हणून टेस्ट करताना मोबाइल डेटा बंद ठेवायचा. या एवढ्याशा गोष्टीपायी चांगल्या डब्या परत जातात!

परत करता येईल अशाच ठिकाणाहून डबी घ्या आणि आधी स्वतःच्या किंवा घरच्या नव्या गाडीवर लावून बघा. डबी चांगली आहे हे माहीत असेल तरच दुसऱ्याच्या गाडीवर तिनं मौन धरलं तेव्हा त्याचा अर्थ लागतो. इग्निशन ऑन करा, इंजिन बंद असलं तरी चालेल. फोनच्या सेटिंगमधून पेअर करा, पासवर्ड बहुधा १२३४ नाहीतर ०००० असतो. मग अ‍ॅप उघडून प्रोटोकॉल ‘ऑटो’वर ठेवा. जुळत नसेल तर इंजिन चालू करून पुन्हा. डबीचा दिवाच लागत नसेल तर फ्यूज बघा. खूप गाड्यांत या सॉकेटचा आणि चार्जिंगच्या लायटर सॉकेटचा फ्यूज एकच असतो, आणि तो कुणीतरी स्वस्तातला चार्जर लावून आधीच उडवलेला असतो.

समजा जुळलं. आरपीएमचा काटा स्क्रीनवर नाचायला लागला. इथं भल्याभल्यांचा तोल जातो, कारण समोर शंभर आकडे येतात आणि आपण एकदम डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. पण ही व्यवस्था जन्माला आली ती धुरासाठी. कॅलिफोर्नियातल्या शहरांवर धुरकं साचायचं म्हणून तिथल्या सरकारनं कंपन्यांना सांगितलं, की गाडीनं स्वतःच्या सायलेन्सरवर स्वतः नजर ठेवावी आणि काही बिघडलं तर दिवा लावावा. त्यामुळं इंधन, हवा, ठिणगी, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याबद्दल ही डबी भरपूर सांगते. क्लच किती उरलाय, ब्रेकपॅड किती झिजलेत, सस्पेन्शनचं बुश गेलंय का, खालचा पत्रा किती गंजलाय, यातलं तिला काही म्हणजे काही कळत नाही. एअरबॅग आणि एबीएसचे फॉल्टसुद्धा साध्या अ‍ॅपला सहसा दिसत नाहीत. तेव्हा टायरला लाथ मारणाऱ्या काकांना घरी ठेवून जाऊ नका.

कोडचंही तसंच. पी०१७१ आला की मोबाइल सांगतो, मिश्रण पातळ झालंय. लगेच कुणीतरी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. सेन्सर बिचारा फक्त खबर देत असतो. कुठल्यातरी नळीतून हवा आत शिरत असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पेट्रोलचा पंप दमला असेल, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं ट्यूनिंग चुकलं असेल. पी०३०० म्हणजे गाडी मिसिंग मारतेय. प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, ते शोधायचं बाकीच. पी०४२० बघून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगितला तर खर्च मोठा असतो, आणि कधी कधी दोष नुसता सायलेन्सरच्या गळक्या जोडाचा निघतो. तक्रार कुठल्या गल्लीतून आली तेवढं कोड सांगतो. गल्लीतलं नेमकं कुठलं घर, ते शोधायला माणूसच लागतो.

असा माणूस आपल्याकडे आहे, हे विसरू नका. हा इंजिनांचा मुलूख आहे. किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये. सातारारोडच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं तयार होत होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ साताऱ्यातूनच बाहेर पडायची. स्टार्टर मारल्या मारल्या “व्हॉल्व्ह वाजतोय” असं सांगणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात अजूनही सापडतो. त्याचा कान आणि तुमची डबी यांचं भांडण लावण्यात काहीच शहाणपण नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. ‘कोड डिलीट मारला’ हे वाक्य आपल्याकडे दुरुस्ती झाल्यासारखं वापरलं जातंय. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला, कोड उडवला, दिवा विझला, पैसे दिले. “आता टेन्शन नाय घ्यायचं!” दुखणं जागेवरच असतं, फक्त त्याची चिठ्ठी फाडलेली असते. आणि चिठ्ठीबरोबर आणखीही काही जातं. बिघाड झाला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होते याची नोंद ईसीएम ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मिस्त्रीला खरी मदत होते ती या नोंदीची. क्लिअरचं बटण दाबलं की तीही साफ. म्हणून आपल्या गाडीवर, दुसऱ्याच्या गाडीवर, गंमत म्हणूनसुद्धा ते बटण दाबायचं नाही. आधी स्क्रीनशॉट.

विकायला काढलेल्या गाडीचा दिवा सकाळीच विझवला असेल तर ते पकडता येतं, आणि यासाठी डबीचा पैसा वसूल आहे. अ‍ॅपमध्ये ‘रेडीनेस मॉनिटर’ नावाचं पान असतं. कोड उडवला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी पुरी व्हायला थंड इंजिन, गरम इंजिन, हायवेचा स्थिर वेग असं सगळं मिळावं लागतं, त्यात कधी कधी कित्येक दिवस जातात. तेव्हा ‘नो फॉल्ट’ आणि शेजारी तीन-चार मॉनिटर ‘नॉट रेडी’ असं दिसलं, तर नुकतं काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती, असं धरा. बॅटरी नवीन टाकली असेल तर विकणारा बिल दाखवेल. बऱ्याच गाड्या आणखी एक आकडा देतात, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली त्याचा. तो १२ किलोमीटर असेल तर काय समजायचं ते सांगायला नको. आणि मीटरवर ४०,००० असताना हा आकडा ५८,००० दिसला, तर मीटर मागं फिरवलंय. असली गाडी घेऊ नका, किती का स्वस्त असेना.

त्यानंतर चढ. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट चढवा, पुण्याहून गाडी आणत असाल तर वाटेत खंबाटकी आहेच. फोन मागच्या सीटवरच्या मित्राच्या हातात द्यायचा, चालवणाऱ्यानं त्याकडं बघायचं नाही. कूलंटचं टेम्परेचर घाटात थोडं वर जाऊन फॅन लागला की परत खाली यायला हवं. चढत चढत ११० च्या पुढं जाऊन तिथंच बसलं तर थांबा. उलट पाऊण तास गाडी चालवूनही ते ७० च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो, नाहीतर कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो. आपल्याकडे तसं करायची खोड आहेच.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पार्किंगमध्ये, बेसमेंटमध्ये, दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. पुरातली गाडी धुऊन, सुकवून, सेंट मारून विकायला येऊ शकते, आणि जिथं पूर आला तिथंच विकली जाईल असंही नाही. अशा गाडीवर डबी लावली तर कदाचित काहीच सापडणार नाही. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी लगेच बोलत नाही. महिने, कधी वर्षं जातात, मग पावसाळ्यात एक दिवस ‘यू’नं सुरू होणारे कोड यायला लागतात, म्हणजे गाडीतल्या संगणकांचं एकमेकांशी बोलणं तुटतंय. तेव्हा डबी लावायच्या आधी तो टॉर्च पुन्हा काढा आणि सॉकेटच्या पिना बघा. हिरवट थर दिसला तर पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं अशी शंका घ्यायला जागा आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, चिखलाची रेघ तिथं राहते. मॅट उचला, स्टेपनीखाली हात घाला, आणि इन्शुरन्सचा मागचा क्लेम विचारा.

आमचं म्हणणं दोघांना आहे. गाडी विकणाऱ्यांनी पाच मिनिटं डबी लावू द्यावी. त्यात गाडीचं काही बिघडत नाही, आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाइकाला जे समजायचं ते तो समजेलच. गॅरेजवाल्यांनी कोड पुसण्याआधी त्याचा नंबर बिलावर लिहावा, काय बदललं ते लिहावं आणि गाडी चालवून आल्यावर पुन्हा स्कॅन करून दाखवावं. प्रामाणिक मिस्त्रीला याचा फायदाच आहे, शोधण्याच्या मेहनतीचे पैसे त्याला उघडपणे मागता येतील. आज ते पैसे कुणी देत नाही, म्हणून तो पार्टमध्ये काढतो.

गॅरेजवाल्यांची अडचणही खरी आहे. पी०नं सुरू होणारे कोड सगळ्यांचे सारखे, पण पी१ पासून कंपनीचे खास कोड लागतात, आणि त्यांचा अर्थ, वायरिंगचे नकाशे, स्कॅनरचं सॉफ्टवेअर हे सगळं महाग नाहीतर बंद कुलपात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्ये मतदान घेऊन ही माहिती बाहेरच्या गॅरेजना द्यायला कंपन्यांना भाग पाडलं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल आणि सक्तीचा कायदा यात फरक आहे. वाई, विटा, जतच्या गॅरेजला कायदाच लागेल.

तोवर आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेड करणाऱ्या पोरांनी एक काम हातात घ्यावं, खर्च नाही. एक वही. समोर येईल त्या प्रत्येक गाडीची एक ओळ: मॉडेल, वर्ष, पासिंग कुठलं, नॉर्म्स काय, सॉकेटच्या कुठल्या पिना भरलेल्या, डबी कुठली, अ‍ॅप कुठलं, जोडली की नाही. जोडली नाही तेही लिहायचं, तेच जास्त कामाचं. कंपन्यांच्या याद्या बाहेरच्या गाड्यांच्या असतात, एमएच-११, एमएच-१० आणि कराडच्या एमएच-५० ची यादी दुसरं कुणी करून देणार नाही. चार कॉलेजांतल्या पोरांनी वर्षभर लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं, तर पुढच्या माणसाला डबी घेण्याआधीच कळेल: डिझेल, २०१३, सातारा पासिंग, बीएस-३, फक्त सात नंबरची पिन, दोन डब्या लावल्या, जोडली नाही.